वहिनी दुकानात आहेत का?

शंकरराव डुंबरे ओतूरहून बदलापूरला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक सायकल आणि मागच्या कॅरियरला बांधलेलं लुगड्यांचं गाठोडं होतं. वांगणीपासून अंबरनाथपर्यंतची खेडी त्यांनी त्या सायकलीवर पालथी घातली. दारोदार जायचं, ओट्यावर गाठोडं सोडायचं, भाव एकच सांगायचा आणि तो मोडायचा नाही. माणूस तोंडाचा गोड नव्हता, पण माल खोटा द्यायचा नाही, म्हणून बायका त्यांची वाट बघायच्या. सहा-सात वर्षांनी त्यांनी बदलापुरातच, कुळगावच्या बाजारात, गाळा घेतला, मागे दोन खोल्या बांधल्या आणि मग गावाहून बायकोला, गयाबाईला, आणि लहान अनंताला आणलं. दुकानाला नाव दिलं ‘जय मल्हार वस्त्र भांडार’. आसपासच्या आगरी गावांतून लग्नाचे बस्ते येऊ लागले. एका बस्त्याला टेम्पो भरून माणसं यायची, नवरीच्या शालूपासून मानपानाच्या पातळांपर्यंत सगळं एका बैठकीत निघायचं. शंकरराव पांढऱ्या गादीवर ताठ बसायचे आणि बोटाने दाखवायचे, सदू नावाचा गडी घड्या उलगडायचा.

गयाबाई दुकानात यायच्या त्या फक्त दसऱ्याच्या पूजेला.

चौऱ्याऐंशी साली ऐन लग्नसराईत शंकररावांना कावीळ झाली. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं. दुकान बंद ठेवलं तर वर्षाची कमाई जाणार होती आणि सदूला एकट्याला बस्ता झेपणारा नव्हता. शेवटी शंकररावांनीच सांगितलं, की तू बस, काही अडलं तर आत येऊन विचार. गयाबाई डोक्यावरचा पदर नीट करून गादीच्या कडेला बसल्या. पहिले दोन दिवस त्या दर थोड्या वेळाने आत येऊन विचारायच्या. तिसऱ्या दिवशी एकदाच आल्या. मग विचारायला आल्याच नाहीत.

शंकररावांची खाट दुकानाच्या भिंतीला लागून होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. त्यांच्या दुकानात आजवर घासाघीस झाली होती, रुसवेफुगवे झाले होते, एकदा तर व्याही-व्याही हातघाईवर आले होते. पण बायका हसताहेत असं कधी झालं नव्हतं. आता रोज हसण्याचा आवाज यायचा. त्यात गयाबाईचं हसू वेगळं कळायचं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण हे हसू त्यांनी घरात ऐकलेलं नव्हतं.

गयाबाई काही वेगळं करत होत्या असं त्यांना स्वतःला वाटत नव्हतं. त्या नवरीला जवळ बसवून घ्यायच्या, साडी तिच्या खांद्यावर टाकायच्या आणि दुकानाच्या दाराशी उजेडात उभं करून सगळ्यांना बघायला लावायच्या. एखादा रंग तिला मारतोय असं दिसलं तर सरळ सांगायच्या, हा घेऊ नका. आणि दुसरं म्हणजे, बस्त्यात नवरीच्या आईची साडी सगळ्यांत शेवटी, उरलेल्या पैशात आणि उरलेल्या वेळात निघते, ती गयाबाई सगळ्यांत आधी काढायच्या. म्हणायच्या, आईचं आधी होऊ दे, मग तिचं बाकीच्यांकडे नीट लक्ष लागेल. अशा आया ते विसरत नसत. पुढच्या घरच्या लग्नाला त्या पुन्हा यायच्या आणि चार जणींना घेऊन यायच्या.

शंकरराव बरे होऊन गादीवर बसले तेव्हा हंगाम संपत आला होता. पहिल्याच दिवशी तीन बायका पायरी चढल्या, त्यांच्याकडे बघून थबकल्या आणि एकीने विचारलं, “वहिनी दुकानात आहेत का?”

त्यांना आधी बरंच वाटलं. आपल्या दुखण्यात बायकोने दुकान राखलं, याचं कौतुक त्यांनी चारचौघांत केलंही. गयाबाई मग दुपारची कामं उरकून रोज दुकानात बसू लागल्या. पण दिवसागणिक तो प्रश्न येतच राहिला. माणसं शंकररावांच्या डोक्यावरून आत बघायची. गयाबाई स्वयंपाकघरात असल्या तर, आम्ही बाजारात फिरून येतो, म्हणायची. शंकररावांना पोटात काहीतरी टोचायला लागलं. त्यांनी ते काविळीवर घातलं.

एकदा गयाबाई बाहेर गेल्या असताना एक बस्ता आला. शंकररावांनी मनाशी ठरवलं, यात एवढं काय आहे. त्यांनी नवरीला म्हटलं, ऊठ पोरी, दारात उजेडात उभी राहा. मुलगी आईच्या मागे सरकली. आईने शंकररावांकडे अशा नजरेने बघितलं की त्यांचे कान तापले. ते लोक दोन टॉवेल घेऊन गेले.

त्यानंतर उल्हासनगरचं झालं. कॅम्प दोनमध्ये वासुमल नावाचे सिंधी ठोक व्यापारी होते. शंकरराव सायकलीच्या दिवसांपासून त्यांच्याकडून माल उचलत. वासुमल माणूस चोख, पण शंकररावांना त्यांनी कधी खुर्ची दिली नव्हती. उभ्याने माल बघायचा, काचेच्या ग्लासात चहा प्यायचा आणि निघायचं. गयाबाईने एकदा बरोबर येण्याची इच्छा सांगितली, म्हणून ते घेऊन गेले. वासुमलने गड्याला खुर्ची आणायला लावली, पंखा वळवला, कपबशीत चहा आला. गयाबाई थोडं हिंदी, थोडं मराठी बोलत त्यांना सांगत होत्या की या काठाचा रंग पहिल्या धुण्यात उतरतो, आमच्या बायका शिव्या देतात. वासुमल, ज्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ते मान डोलवत होते. निघताना त्यांनी शंकररावांच्या पाठीवर हात ठेवला.

“सेठ, अब से भाभीजी को ही भेजा करो.”

ते गमतीत म्हणाले, पण शंकररावांच्या डोक्यात ते वाक्य घरापर्यंत वाजत राहिलं. त्या रात्री जेवताना त्यांनी भाजीला नावं ठेवली. भाजी रोजच्यासारखीच झाली होती.

थोड्याच दिवसांत त्यांनी सांगितलं की अनंताचं दहावीचं वर्ष आहे, घरात आई हवी, तेव्हा तू आता दुकानात बसू नकोस. गयाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

“माझं काही चुकलं का?”

“चुकायचा प्रश्न नाही. दुकान हे पुरुषाचं काम आहे.”

गयाबाईने मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. त्यांनी आदळआपट केली असती तर शंकररावांना सोपं गेलं असतं.

मोरिवलीचे बुधाजी हे मोठं प्रस्थ. जमिनीच्या पैशावर त्यांनी दुमजली घर बांधलं होतं आणि पाच मुलांची लग्नं उरकायची होती. शंकरराव कित्येक वर्षं त्यांच्या घराकडे डोळे लावून होते. पण त्यांचे बस्ते कल्याणला जायचे. थोरल्याच्या लग्नाला मात्र बुधाजींची बायको मोतीबाई दोन टेम्पो माणसं घेऊन कुळगावला उतरली. गळ्यात ठसठशीत सोनं, आवाज भारी. ती गादीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली,

“वयनी कुठं हाय? तिचं नाव ऐकून आमी आलोत.”

शंकररावांच्या तोंडून निघून गेलं, की ती आजारी आहे, अंथरुणातून उठत नाही. असं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. पण बोलल्यावर त्यांना हलकं वाटलं. आता हा बस्ता त्यांचा होता. त्यांनी सदूला वरच्या फळीवरचे शालू काढायला सांगितले.

मोतीबाई उठली. “आजारी माणसाच्या दारात येऊन न भेटता कशी जाऊ,” म्हणत ती बाजूच्या बोळातून मागच्या दाराला गेली. शंकरराव अनवाणी तिच्या मागे धावले. मागच्या अंगणात गयाबाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या, पदर खोचलेला, अंगाने ठणठणीत. मोतीबाईने विचारलं, आता बरं हाय का? गयाबाईने मोतीबाईकडे बघितलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. शंकररावांच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं.

“काल रात्रभर ताप होता,” त्या म्हणाल्या. “आज जरा उतरलाय. हे उठू देत नव्हते.”

मग त्या हात पुसून दुकानात आल्या. त्या दिवशीच्या बस्त्याची बाजारात महिनाभर चर्चा होती. शंकरराव घड्या घालत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गयाबाईला म्हणाले की तू मला लोकांत लहान केलंस. गयाबाई म्हणाल्या, मी तर तुम्हाला झाकलं. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून शंकररावांना ते सहन झालं नाही. बुधाजींनी काय, मुख्यमंत्र्यांनी जरी बोलावलं तरी तू त्या पायरीवर पाय ठेवायचा नाहीस, असं ते म्हणाले. गयाबाईने ठीक आहे म्हटलं.

त्या खरंच परत गेल्या नाहीत. वर्षं गेली. अनंता दहावी झाला, कॉलेजात दोनदा नापास झाला आणि दुकानात बसू लागला. बदलापुरात नव्या इमारती उठत होत्या, बाजारात नवी दुकानं निघत होती. ‘जय मल्हार’ चालत होतं, पण पूर्वीसारखं नाही. मोठे बस्ते कमी झाले. शंकरराव म्हणायचे, लोकांना आता उल्हासनगरचं स्वस्त लागतं.

त्यांना ठाऊक नव्हतं की बायका मागच्या दाराने येतच होत्या. आधी नुसत्या विचारायला यायच्या, की पोरीला काय शोभेल, किती साड्या पुरतील. गयाबाई सांगायच्या आणि म्हणायच्या, पुढे दुकानात घ्या. पण पुढे गादीवर शंकरराव तोंड पाडून बसलेले असायचे. मग एकीने म्हटलं, वहिनी, तुम्हीच चला ना आमच्याबरोबर. गयाबाई एकदा गेल्या. मग पुन्हा गेल्या. घरी त्या कुणाकडे हळदीकुंकू, कुणाकडे बारसं असं सांगायच्या. पैसे कुणाकडून घेत नसत. एखादी खण द्यायची, तेवढाच.

ब्याण्णव साली फाल्गुनात शंकरराव माल बघायला कॅम्प दोनमध्ये गेले. वासुमलच्या पेढीच्या दाराशी चपलांचा ढीग होता. आतून हसण्याचा आवाज आला आणि त्यांचा पाय तिथेच थांबला. भिंतीपलीकडून ऐकलेलं हसू त्यांनी ओळखलं. ढिगात गयाबाईची चप्पल होती, अंगठा शिवून घेतलेली. ती त्यांनीच मागच्या आठवड्यात मोच्याकडून आणली होती.

काचेतून दिसत होतं. गयाबाई पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसल्या होत्या. भोवती आठ-दहा बायका, मध्ये लाजलेली नवरी, समोर साड्यांचा डोंगर. वासुमल स्वतः उठून फळीवरून काढून देत होते. गयाबाईने एक जांभळी साडी उचलली, नाक मुरडलं, आणि सगळ्या हसल्या. शंकररावांना वाटलं, आपण आपल्या बायकोला परपुरुषाबरोबर पाहिलं असतं तर असंच झालं असतं. नव्हे, त्याहून हे वाईट होतं. त्यात निदान कुणाला दोष देता आला असता.

ते आत गेले नाहीत. माल न बघता परतले. गयाबाई दिवेलागणीला आल्या तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी विचारलं, बारसं कसं झालं? गयाबाईने त्यांच्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

“तुम्ही आला होतात तर.”

“माझं गिऱ्हाईक तू त्या वासुमलच्या पायाशी नेऊन घालतेस. माझ्या घरात राहून.”

“तुमच्या दुकानात यायची मला मनाई आहे,” गयाबाई म्हणाल्या. “बाजारात जायची नव्हती. त्या बायका तुमच्याकडे आल्या असत्या. मीच नव्हते तिथे.”

त्यानंतर घरात बोलणं जवळजवळ बंद झालं. अनंता दोघांच्या मधून निरोप पोचवत राहिला. गयाबाई आता सांगून जाऊ लागल्या, की आज वांगणीकरांबरोबर जातेय, आणि शंकरराव पेपरातून मान वर काढत नसत. पण त्यांना एक वेगळाच नाद लागला. पत्रिका आली की ते लग्नाला हटकून जायचे. मांडवात मागे उभं राहून नवरीकडे बघायचे आणि साडी कुणी निवडली ते त्यांना कळायचं. सावळ्या मुलीला मोरपंखी, ठेंगणीला बारीक काठ, आणि बाजूला नवरीची आई, अंगावर मनासारखं नेसलेलं, म्हणून चारचौघांत मोकळी वावरणारी. ते जेवायला न थांबता निघायचे. निवड वाईट असती तर त्यांना झोप लागली असती.

चौऱ्याण्णव साली अनंताचं लग्न ठरलं. मुलगी अंबरनाथची, वडील कारखान्यात फिटर. आता बस्ता काढायचा होता. कापडाच्या दुकानदाराच्या घरचं लग्न, म्हणजे कुठून काढायचा हा प्रश्नच नव्हता. पण कोण काढणार हा होता. अनंताने बापाला सरळ सांगितलं, की आई गादीवर बसणार नसेल तर मी कोर्टात जाऊन लग्न करतो. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे त्याचा आवाज चिरकला.

शंकरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. गयाबाई भाकरी थापत होत्या.

“बस्त्याला दुकानात ये,” ते म्हणाले.

“कोण म्हणून येऊ?”

 ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, पुन्हा तिथेच येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो ते उगाच वाजवत होते.

“मला तुझा हेवा वाटतो,” ते म्हणाले. “आत्ताचा नाही. दुखण्यात पडलो होतो तेव्हापासून.”

“माहीत आहे,” गयाबाई म्हणाल्या. “दुकानात बायका हसायला लागल्या की तुम्ही आतून पाणी मागायचात. मी आणून द्यायची आणि तुम्ही एक घोटही प्यायचा नाहीत.”

 मग गयाबाई बोलल्या, आणि त्या बोलल्या ते त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही सायकलवर गावं हिंडत होतात तेव्हा मी सहा वर्षं ओतूरला शेणगोठा करत होते. तुम्ही वर्षातून दोनदा यायचात आणि सांगायचात, या गावची बाई अशी बोलली, त्या गावात असं झालं. मी ऐकायची आणि माझा जळफळाट व्हायचा. वाटायचं, सायकल मोडावी यांची. एकदा मी खरंच ट्यूबला सुई टोचली होती.”

शंकररावांना ती पंक्चर आठवली नाही. त्या काळी पंक्चर नेहमीच व्हायची. पण निघताना ते म्हणाले की मालकीण म्हणून ये, दुसरं मला काही सुचत नाही.

गयाबाई तशा सहज आल्या नाहीत. त्यांनी आधी अटी घातल्या. बस्त्यापुरती येणार नाही, रोज बसेन. माल घ्यायलाही मी येईन. आणि तुम्ही उठून जायचं नाही, दोघं बसू. शेवटची अट शंकररावांना सगळ्यांत जड गेली, पण त्यांनी ती मान्य केली.

अंबरनाथची माणसं बस्त्याला आली. मुलीची आई पुतळाबाई अंग चोरून कडेला बसली होती. गयाबाईने तिला पुढे बोलावलं आणि तिची साडी आधी काढायला घेतली. तिच्यापुढे दहा साड्या पडल्या, पण पुतळाबाई किमतीकडे बघून एकेक मागे सारत होती. तेव्हा शंकररावांनी सदूला न सांगता स्वतः उठून कोपऱ्यातल्या फळीवरून एक साधी, पण अस्सल इरकली काढली. त्यांनी नेहमीसारखा एकच भाव सांगितला आणि मग म्हणाले, ही वीस वर्षं टिकेल, माझ्या शब्दावर घ्या. पुतळाबाईने ती मांडीवर घेतली आणि सोडली नाही. गयाबाईने नवऱ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत जे क्षणभर आलं, ते शंकररावांनी लगेच ओळखलं. दहा वर्षं तोच हेवा ते स्वतः आरशात बघत आले होते. त्यांना त्याचा आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली.

नवरीचा शालू मात्र गयाबाईनेच निवडला. तिथे शंकररावांची मात्रा चालली नसती.

पुढे दुकान पुन्हा उभं राहिलं. रेडिमेड ड्रेसचा जमाना आला तरी बस्ता म्हटलं की लोक डुंबऱ्यांकडेच यायचे आणि आत बघून वहिनी आहेत का विचारायचे. शंकरराव ‘आहेत’ म्हणायचे, आणि नसल्या तर ‘येतील, बसा’ म्हणायचे. टोचणी गेली असं त्यांनी कधी म्हटलं नाही. कधी कधी भर दुपारी, दुकान हसण्याने भरलेलं असताना, ते चष्मा काढून ठेवायचे आणि कोपऱ्यावर चहाला जायचे. गयाबाई त्यांना अडवत नसत. चहा पिऊन ते परत येत आणि सदूच्या शेजारी बसून घड्या घालायला घेत.